कार्टन सलाल्याला जाऊन आलं

अगं, ये. जरा जवळ येऊन बस. एका हातानं पोळी भाजत आणि दुसऱ्या हातानं फोन सरकवत वाचायचं नाही, आणि अर्ध्यावर सोडून 'आई, उरलेलं नंतर वाचते' असंही कळवायचं नाही. फोनवर मी काही सांगायला लागले की तू लगेच म्हणतेस, "आई, शॉर्टमध्ये सांग ना." मी काय बातम्या देते गं, शॉर्टमध्ये सांगायला? म्हणून हे लिहिलं. लिहिताना कोणी मध्ये बोलत नाही, एवढा एक फायदा.

आधी रागावून घेते, म्हणजे पुढचं सुरळीत होईल. कॅनडात बर्फ दारापर्यंत आला की तुम्ही दरवर्षी मुलांना घेऊन त्या कॅरिबियन बेटांवर जाता. जा बाई, माझं काही म्हणणं नाही. ऊन अंगाला लागायलाच हवं. पण तिकडून फोन करून मला काय काय सांगतेस! गेल्या खेपेला त्या बेटावर दोन विमानतळ होते, तुम्ही चुकीचा धरलात. हॉटेल राहिलं बेटाच्या दुसऱ्या टोकाला, अर्धा दिवस बसमध्ये गेला आणि माझ्या नातवानं सगळ्यांच्या सँडलवर उलटी केली. हे तू किती हसत हसत सांगितलंस! आता मला त्या बेटांचे विमानतळ पाठ झालेत. कुठे उतरल्यावर होडीत बसावं लागतं, कुठे धावपट्टी संपते तिथे लगेच समुद्र, कुठे हॉटेलची माणसं दारातच हाताला रंगीत पट्टा बांधून नेतात. पट्ट्याचं ऐकून तुझे बाबा म्हणाले होते, "सुट्टीक गेली हत की दवाखान्यात?"

आणि हे सगळं कोणाला सांगतेस? जिचं घर समुद्रापासून दहा मिनिटांवर आहे तिला. तू वाढलीस कुठे? इथे मस्कतला, घुब्र्यातच ना? दर शुक्रवारी संध्याकाळी चटई आणि चहाचा थर्मास घेऊन आपण अझैब्याच्या किनाऱ्यावर जायचो. परत निघताना बाबा गाडीचं दार उघडायचे, पण आत कोणाला सोडायचे नाहीत. पाण्याचा कॅन घेऊन उभे राहायचे आणि एकेकाच्या पायांवर पाणी ओतायचे. आधी तुझ्या, मग माझ्या, शेवटी स्वतःच्या. तू मुद्दाम पुन्हा वाळूत पाय बुडवायचीस. तो कॅन अजून गाडीच्या डिकीत असतो. आता पाणी दोघांच्याच पायांना लागतं, पण कॅन भरलेला असतो.

मूळ गोष्ट तुला ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण तू ती ऐकून न ऐकल्यासारखी करतेस. बाबांचं काम उन्हाळ्यापर्यंतच आहे. त्यांचा मालक, अर्बाब, चांगला माणूस, त्यानं इतकी वर्षं सांभाळून घेतलं. पण आता त्याचा मुलगा कंपनी बघतो, आणि बाबांचे गुडघे शिडीवर चढून एसीचे डक्ट बघण्यातले राहिले नाहीत. उन्हाळ्यात काम खलास, म्हणजे व्हिसा खलास, म्हणजे हे घुब्र्याचं घर खलास. आम्ही गावी जाणार. गावी तू येशील गं, पण इथे तुझी शाळा आहे, तू सायकलवरून पडलीस तो वळणाचा कठडा आहे. पुढच्या वर्षी इथे उतरलीस तर इथे तुझं कोणी नसेल. आणि धाकट्या नातीनं तर आम्हाला नुसतं काचेतून बघितलंय. परवा तिनं माझ्या नाकाला हात लावायचा म्हणून फोनच्या काचेवर बोट घासलं. म्हणून म्हटलं, ही थंडी इकडे या. एक थंडी ते बेट राहू दे.

तू 'हो' म्हणालीस, ते मला अजून आठवतंय, मी तांदूळ निवडत होते. पण तुझ्या 'हो'ला एक शेपूट होतं.

"आई, मुलांना बीच हवा. मग आम्ही सरळ सलाल्यालाच उतरतो. मध्ये एकदा विमान बदललं की थेट सलाला. आठवडाभर तिथे राहू, आणि जाताना दोन दिवस मस्कतला तुमच्याकडे."

"अगं, पण आधी मस्कतला..."

"मस्कतला उतरून पुन्हा सामान घेऊन दुसरं विमान कशाला? मुलं दमतात. आणि मला सांग, सलाल्यात फिरायचं कसं? बस मिळते? टॅक्सी? समुद्र कसा आहे, खोल आहे का? तू कधी गेलीयेस का तिथे?"

 खरं सांगते, एवढी वर्षं ओमानमध्ये काढली, पण सलाला बघितलं नव्हतं. इथले सगळे पावसाळ्यात जातात, धुकं बघायला, हिरवं बघायला. आम्हाला रजा मिळाली की रजा म्हणजे गाव. विमान म्हणजे गाव. दुसरीकडे कुठे विमानानं जायचं असतं हे आमच्या डोक्यातच आलं नाही. मागून नातू ओरडला, "आजी, देअर स्लाइड आहे?" मी म्हटलं, "बघून सांगते हां राजा."

आणि बोलल्याप्रमाणे बघायला गेलो. बाबांना म्हटलं, आपण आधी जाऊन येऊ. ती जशी येईल तसेच जाऊ, विमानानं, तिथे टॅक्सीनं फिरू, म्हणजे तिला विचारायला जागा उरणार नाही. बाबा म्हणाले, "म्हणजे आपण चेडवाच्या सुट्टीची तालीम करूक चललंव?" पण दुसऱ्या दिवशी तिकिटं काढून आले.

आता हसू नकोस. आम्ही सामान बांधलं ते कसं, ते ऐक. मी बांधायला घेतलं आणि हात आपोआप चालायला लागले. एक सुटकेस कपड्यांची. आणि एक कार्टन. त्यात दुधाच्या पावडरचे डबे, बदाम, साबणाच्या वड्या, बामच्या बाटल्या, चॉकलेटची मोठी पाकिटं, आणि ते गुलाबाच्या फुलांचं जाड ब्लँकेट, जे दर खेपेला कोणाला तरी नेतो. बाबांनी कार्टनला नेहमीसारखी नायलॉनची दोरी आडवी-उभी आवळली, मधे उचलायला मूठ केली, आणि जाड मार्करनं स्वतःचं नाव घातलं. नावाखाली गावाचं नाव लिहायला लागले आणि तिथे मार्कर थांबला.

"गो," ते म्हणाले, "सलाल्यात आपला कोण आसा? ह्या सगळा कोणाक देतलंस?"

मी त्या कार्टनकडे बघितलं. खरंच, कोणाला? आम्ही दोघं जमिनीवर बसून इतके हसलो की शेजारची मल्याळी बाई दार वाजवून विचारून गेली. पण सोडायचं कोणी? दोरी इतकी छान बसली होती. बाबा म्हणाले, असूंदे, विमानात रिकाम्या हातानं कसं जायचं? आणि ते तसंच नेलं.

विमानतळावरही तेच. मस्कतचा तो नवा मोठा विमानतळ, तुझ्या वेळचा सीबचा जुना नाही. आम्ही सवयीनं भरपूर आधी पोचलो आणि सवयीनं जिथे दोरीवाली कार्टनं दिसली त्या रांगेत जाऊन उभे राहिलो. पुढे मागे सगळी आपलीच माणसं, कोणाच्या ट्रॉलीवर टीव्ही, कोणाच्या ब्लँकेट. छान वाटलं. एका बाईनं विचारलं, "कितने साल बाद जा रहे हो?" मी तिला सगळं सांगायला सुरुवात केली. काउंटरवर पोचलो तर ती मुलगी आमची तिकिटं बघते, कार्टन बघते, पुन्हा तिकिटं बघते. "अंकल, यह कोची की लाइन है. सलाला उस तरफ." बाबा मान ताठ करून म्हणाले, "हां, मालूम है." आणि जणू मुद्दाम फेरी मारायला आलो होतो अशा थाटात ट्रॉली वळवली. सलाल्याच्या रांगेत कोणाकडे सामानच नाही. माझ्या पुढचा पायघोळ पांढरा दिशदाशा घातलेला माणूस हातात नुसता फोन घेऊन उभा, जसा कोणी कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला निघालाय.

विमान तासा-दीड तासात पोचतं, ते तुला सांगून ठेवते. खाली सगळा तपकिरी डोंगर आणि रिकामी जमीन, आणि मग एकदम समुद्राची निळी कड.

आणि आता जे सांगायचं ते इथे आहे, म्हणून पोळी करपली तरी इथे उठू नकोस.

सामान घेऊन आम्ही बाहेरच्या दारातून निघालो. काचेचं दार सरकलं, समोर कठडा, कठड्यापलीकडे माणसं. आणि माझी नजर शोधायला लागली. मी ठरवलं नव्हतं, पण डोळे एकेका चेहऱ्यावरून जायला लागले. अगं, मस्कत सोडलं तर मी आयुष्यात विमानतळाच्या दारातून अशी कधी बाहेर पडलेच नव्हते की समोर आपलं कोणी नाही. आम्ही विमानतळ निवडायचो तो तसाच. गोवा आपल्या गावाला जवळ, हे न कळण्याइतके आम्ही वेडे नव्हतो. पण तुझे काका मुंबईला, म्हणून वर्षानुवर्षं मुंबईला उतरलो, आणि पुढे रात्रभर बसनं हाडं खिळखिळी करून घेतली. कारण मुंबईच्या दाराबाहेर काका टाचा उंचावून उभे असायचे. पुढे काका गोव्याकडे राहायला गेले, तेव्हा आमचा विमानतळ बदलला. अंतर कोणी मोजलं? जिथे घ्यायला येणारं माणूस, तिथे उतरायचं.

सलाल्याच्या कठड्यापाशी हॉटेलांची माणसं पाट्या धरून उभी होती, पाट्यांवर परकी नावं. मी थांबले. मागून कोणाची तरी ट्रॉली माझ्या टाचेला लागली. माझा चेहरा कसा झाला होता कोण जाणे, कारण बाबांनी माझ्याकडे एकदा बघितलं, ट्रॉली माझ्या हातात दिली आणि चालायला लागले. मला वाटलं टॅक्सी बघायला गेले. तर कठड्याला वळसा घालून, त्या पाटीवाल्यांच्या मधे घुसून, ते पलीकडे माझ्यासमोर उभे राहिले आणि हात उंच करून हलवायला लागले.

"इलंस? प्रवासात तरास नाय मां झालो?"

"अहो, लोक बघतायत."

"बघूंदेत. माझां माणूस इलां हा."

पाटीवाला एक पोरगा तर खरंच मला वाट द्यायला बाजूला झाला. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. कारण ते अगदी तसेच उभे होते, सीबला उभे राहिले होते तसे. मी पहिल्यांदा आले, तू माझ्या कडेवर, सहा-सात महिन्यांची. ते आधी एकटे येऊन राहिले होते, तुला त्यांनी फोटोतच बघितलेलं. कोणाची तरी गाडी मागून आणलेली, हातात थंड पाण्याची बाटली, आणि दारातून प्रत्येक बाई निघाली की हा माणूस हात हलवतोय. तू त्यांना बघून भोकाड पसरलंस. सगळा रस्ता रडलीस. ते गाडी चालवता चालवता म्हणत होते, "रडूंदे, ओळखीत तेव्हा ओळखीत." तीन दिवसांनी तू त्यांच्या बोटाला धरलंस. त्या तीन दिवसांत त्यांनी किती वेळा हात पुढे केला आणि मागे घेतला, ते मी बघितलंय.

असो. सलाला. तुला हवी ती सगळी माहिती देते, नाहीतर म्हणशील आईनं रडकथा सांगितली आणि बसचं काही सांगितलंच नाही.

बसवर अवलंबून राहू नकोस. किनारे लांब लांब आहेत, भाड्याची गाडी किंवा दिवसभराची टॅक्सी हवीच. आम्हाला विमानतळावरच एक म्हातारासा ओमानी टॅक्सीवाला भेटला, तोच तिन्ही दिवस ठेवला. हिंदी बोलतो, आपल्यापेक्षा बरी. मुलांसाठी वेगळी सीट मिळेल का विचारलं तर हसला आणि म्हणाला, "मम्मी, पहले बच्चा लाओ." हॉटेलवाल्यांना आधी कळवलं तर सीट मिळते, तेही मी विचारून ठेवलंय. समुद्र थंडीत शांत असतो, पावसाळ्यात मात्र पाय घालू देत नाहीत इतक्या लाटा. आम्ही गेलो तेव्हा पाणी बरंच आतपर्यंत गुडघाभर. बाबा पँट दुमडून किती आत गेले ते मी किनाऱ्यावरून बघत होते, तुझ्या मुलांच्या उंचीचा अंदाज घ्यायला. त्यांनी हात कमरेला लावून दाखवला, "धाकटेक पाणी हयपर्यंत!" सावली कमी आहे, टोप्या आणा. घसरगुंडी नाही, नातवाला तेवढं समजावून सांग. पण उंट चक्क किनाऱ्यावर येऊन उभे राहतात, आणि मुघसैलच्या किनाऱ्यावर खडकात भोकं आहेत, पावसाळ्यात त्यातून पाणी उसळतं म्हणे. आता नुसता खालून कोणी श्वास घेतंय असा आवाज येतो. नातू कान लावून बसेल बघ.

आणि रस्त्याच्या कडेला शहाळी. अगं, माड! रांगेनं माड, केळी, पपया, खाली ओली माती. बाबा गाडीतून उतरले आणि एका माडाच्या बुंध्यावर हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं आता गावाचं काहीतरी बोलतील. तर म्हणाले, "हिका शहाळ्याची मलई कधी आवडली नाय ना?" तुझ्याबद्दल बोलत होते.

टॅक्सीवाल्यानं दुसऱ्या दिवशी विचारलं, "मम्मी, सब लोग बच्चा लेके आता है. आपका बच्चा किधर?"

"कॅनडा."

"कब आएगा?"

मी बाबांकडे बघितलं, बाबांनी बाहेर समुद्राकडे. मीच म्हटलं, "आएगी. इन्शाल्ला."

"इन्शाल्ला," तो म्हणाला.

शेवटच्या दिवशी त्यानं आम्हाला विमानतळावर सोडलं, तेव्हा त्याच्या घरच्या पपया आणि केळ्यांची पिशवी आमच्या हातात दिली. पैसे घेईना. आणि बाबांचा चेहरा असा उजळला की विचारू नकोस. तिथेच फूटपाथवर, लोकांच्या वाटेत, त्यांनी कार्टनची दोरी सोडली. चॉकलेटं त्याच्या नातवंडांना, बाम त्याच्या गुडघ्यांना, बदाम त्याच्या बायकोला. तो नको नको म्हणत होता आणि बाबा ऐकत नव्हते. एवढ्या लांबून आणलेलं एखाद्याच्या हातात पडल्याशिवाय प्रवास झाल्यासारखं वाटत नाही, तुला माहीत आहेच.

ब्लँकेट आणि दुधाचे डबे मात्र परत आणले. ब्लँकेट बाबांनी देऊ दिलं नाही. पुन्हा दोरी आवळली. मस्कतला उतरलो तेव्हाही दाराबाहेर कोणी नव्हतंच, पण तिथे मला काही वाटलं नाही. तिथे कोणी असलं काय नि नसलं काय, तिथे उभं राहायचं काम आमचं आहे.

तेच तुला सांगायचंय. तुझा हिशोब बरोबर आहे. सलाल्याला थेट उतरणं सोयीचं, मुलं कमी दमतील, बीच जवळ. मी स्वतः जाऊन बघितलंय, खोटं कशाला बोलू? पण तू तशी उतरलीस तर ते काचेचं दार सरकेल, धाकटी तुझ्या कडेवर असेल, आणि समोर दुसऱ्यांच्या नावाच्या पाट्या असतील. तुला काही वाटणार नाही, तुला सवय आहे. दर वर्षी कुठल्या ना कुठल्या बेटावर तू अशीच उतरतेस, हाताला पट्टा बांधून घेतेस. मलाच वाटेल, इथे घुब्र्यात बसून.

म्हणशील, तुम्ही दोघं सलाल्याला येऊन उभे राहा. राहिलोही असतो. पण बाबांना मस्कतलाच उभं राहायचंय, जिथे ते आधी उभे राहिले होते. ते हे स्वतः बोलणार नाहीत. परवा मी त्यांना गाडी पुसताना बघितलं, मागच्या सीटवर तुझ्या मुलांची जागा धरून त्यांनी तिथे उशी ठेवून बघितली. धाकटीनं रडून घेऊ दे. तीन दिवस रडली तरी चालेल, म्हणून तर म्हणते, जाताना दोन दिवस नको, आधी ये. तिला ओळखायला तेवढे दिवस लागतील. मग सगळे मिळून सलाल्याला जाऊ, टॅक्सीवाला आपला आहे, त्याला मी तुझं सांगून ठेवलंय.

ते कार्टन तुझ्या जुन्या खोलीत खिडकीखाली आहे. बाबांनी मार्करनं नाव घातलं होतं, त्याच्या खाली गावाची जागा अजून रिकामी आहे. काल विचारत होते, तिकडे कॅनडात गुलाबाच्या फुलांचं ब्लँकेट चालेल ना, की हसतील?

मुलांना मार्चमध्ये सुट्टी आहे ना? मग मार्चचंच बघ. मस्कतचं तिकीट. बाहेर आलीस की डाव्या हाताला बघ, कठड्यापाशी. ये गं, लवकर ये.